एक वायफाय, दोन कॉम्प्युटर: घरचं नेटवर्क जोडताना क्रम चुकवू नका

दोन्ही कॉम्प्युटरवर यूट्यूब व्यवस्थित चालतं, पण खालच्या डेस्कटॉपमधली फाइल वरच्या खोलीतल्या लॅपटॉपवर काही केल्या उघडत नाही. मग माणूस फोल्डरवर राइट-क्लिक करून 'शेअर' दाबतो, जमत नाही म्हणून फायरवॉल (बाहेरून येणारी जोडणी अडवणारी विंडोजची सोय) बंद करतो, पासवर्ड काढून टाकतो, आणि शेवटी पेनड्राइव्ह घेऊन जिना चढतो. बहुतेक वेळा फोल्डरमध्ये काहीच बिघाड नसतो. सुरुवात शेवटच्या पायरीपासून झालेली असते, एवढंच.

इंटरनेट चालतंय म्हणजे दोन्ही मशीन एकमेकांना दिसतीलच असं नाही. आधी दोन्ही एकाच नेटवर्कवर हवेत, मग त्यांनी एकमेकांच्या हाकेला ओ द्यायला हवी, मग ओळख पटवणारा यूजर हवा, आणि फोल्डर सगळ्यात शेवटी. महत्त्वाच्या टप्प्यांनंतर 'तपासा' म्हणून एक तपासणी दिली आहे. ती जमल्याशिवाय पुढे जाऊ नका.

इथे दोन्हीकडे विंडोज १० किंवा ११ आहे असं धरलंय. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नेटवर्क त्यावरही जुळतं, पण फाइलींचं मुख्य ठिकाण शक्यतो विंडोज ११ वर ठेवा.

सावध: जुने व्हिडिओ पाहून 'होमग्रुप' (घरातल्या मशीनमध्ये फाइल शेअर करण्याची विंडोजची जुनी सोय) शोधत बसू नका, विंडोज १० मधून ते २०१८ सालीच काढून टाकलंय. 'एसएमबी १ चालू करा' हा सल्लाही मानू नका. तो फाइल शेअर करण्याचा जुना आणि असुरक्षित मार्ग आहे, आणि आजच्या दोन विंडोजमध्ये त्याची गरजच पडत नाही.

## तयारी

एक कागद घ्या. त्यावर राउटरचा पत्ता, राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड, दोन्ही कॉम्प्युटरची नावं आणि त्यांचे पत्ते लिहायचे आहेत. अर्ध्या अडचणी 'तो पासवर्ड काय होता' इथेच अडकतात. दोन्ही मशीनवर ॲडमिन अकाउंटने लॉगिन करता येतं ना, हेही आधीच पाहून घ्या.

फाइली कुठल्या मशीनवर राहणार ते ठरवा. घरात एक जागचा न हलणारा डेस्कटॉप असेल तर तोच. खाली त्याला 'घरमालक' म्हणतो आणि दुसऱ्याला 'पाहुणा'. घरमालक राउटरजवळ असेल तर एक लॅन वायर आणून ठेवा. नागपुरात बर्डीला (सीताबर्डीला) कॉम्प्युटरच्या दुकानांत तयार, दोन्ही टोकांना क्लिप लावलेली कॅट-६ वायर मिळते. नेटवर्क बिनतारी असलं तरी एक टोक वायरवर असण्याचा फायदा मोठा आहे, तो पुढे येईलच.

राउटरची जागा. नागपूरच्या घरात वायफायचा सगळ्यात मोठा शत्रू भिंत नसून कूलर असतो. पत्र्याची बॉडी आणि खाली पाण्याची टाकी, दोन्ही सिग्नल अडवतात. हॉलच्या खिडकीत कूलर आणि त्याच कोपऱ्यात राउटर, ही मांडणी घरोघरी दिसते. मार्चपर्यंत सगळं ठीक असतं आणि कूलर बसला की आतल्या खोलीतली रेंज पडते. राउटर आणि कॉम्प्युटर यांच्या मधल्या सरळ रेषेत कूलर, लोखंडी कपाट किंवा फ्रिज येऊ देऊ नका. कूलरच्या दमट झोतातही राउटर ठेवू नका.

दुसरी गोष्ट उष्णतेची. घरगुती राउटर सहसा ० ते ४० अंशांच्या वातावरणासाठी बनवलेले असतात, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. स्लॅबला लागून असलेल्या सज्जावर किंवा पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवर ठोकलेला राउटर दुपारी आपोआप बंद-चालू होऊ लागला, तर दोष सेटिंगमध्ये शोधू नका. त्याला छातीएवढ्या उंचीवर, हवा खेळेल अशा जागी आणा.

## टप्पा १: दोघं खरंच एका नेटवर्कवर आहेत का?

याच टप्प्यात सगळ्यात जास्त लोक चुकतात, म्हणून इथे वेळ घ्या.

फायबर घेतलं की कंपनी एक डबा लावून जाते. त्याला स्वतःचं वायफाय असतं. वरच्या मजल्यावर रेंज पोहोचत नाही म्हणून आपण दुसरा राउटर आणून त्याला जोडतो. आता खालचा डेस्कटॉप कंपनीच्या डब्यावर आणि वरचा लॅपटॉप नव्या राउटरवर. इंटरनेट दोघांनाही मिळतं, म्हणून शंकाही येत नाही. पण दोन्ही डबे आपापले पत्ते वाटत असतात. नागपुरात प्रत्येक ले-आउटमध्ये (प्लॉट पाडलेल्या वसाहतीत) प्लॉट नंबर १२ असतोच. नुसता प्लॉट नंबर सांगून दुसऱ्या ले-आउटमधलं घर सापडत नाही, तसंच इथेही.

पाहायचं असं: दोन्ही मशीनवर स्टार्टमध्ये 'सीएमडी' शोधून काळी खिडकी उघडा. त्यात 'आयपीकॉन्फिग' टाइप करून एंटर दाबा. इंग्रजी अक्षरांत, सगळं एका शब्दात. वायफायच्या खाली (वायर लावली असेल तर इथरनेटच्या खाली) 'आयपीव्ही४ ॲड्रेस' (त्या मशीनचा पत्ता) आणि 'डिफॉल्ट गेटवे' (राउटरचा पत्ता) या दोन ओळी शोधा आणि कागदावर उतरवा.

- दोन्हींचा गेटवे एकच आहे आणि पत्त्याचे पहिले तीन भाग सारखे आहेत, समजा १९२.१६८.१.५ आणि १९२.१६८.१.९, तर ठीक.
- एक १९२.१६८.१ चा आणि दुसरा १९२.१६८.० चा, तर दोन वेगळी नेटवर्क आहेत.
- पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्या मशीनला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. वायफाय तोडून पुन्हा जोडा, राउटर बंद-चालू करा.

दोन नेटवर्क निघाली तर सोपा उपाय म्हणजे दोन्ही कॉम्प्युटर एकाच डब्याच्या वायफायवर आणा. रेंज पुरत नसेल तर दुसऱ्या राउटरला 'ॲक्सेस पॉइंट मोड'मध्ये टाका, म्हणजे तो फक्त वायफाय पुढे नेतो आणि पत्ते पहिलाच डबा वाटतो. बहुतेक नव्या राउटरच्या सेटिंगमध्ये (ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकला की उघडणाऱ्या पानावर) हा पर्याय असतो. तो निवडा, सेव्ह करा, राउटर पुन्हा सुरू होऊ द्या, काम झालं.

तो पर्याय नसेल तर हातानेही होतं, पण क्रम नेमका हा ठेवा:

1. दुसरा राउटर पहिल्यापासून सोडवा आणि एक कॉम्प्युटर वायरने थेट त्याला जोडा.
2. पहिल्या डब्याच्या डीएचसीपीच्या (आपोआप पत्ते वाटण्याच्या सोयीच्या) यादीत जो पत्ता येत नाही असा एक पत्ता दुसऱ्या राउटरला द्या. पहिला डबा १९२.१६८.१.१ वर असून १०० ते २०० पर्यंत पत्ते वाटत असेल, तर दुसऱ्याला १९२.१६८.१.२ चालेल.
3. राउटर पुन्हा सुरू झाला की नव्या पत्त्यावर लॉगिन करा आणि मगच त्याचं डीएचसीपी बंद करा.
4. पहिल्या डब्याच्या लॅन पोर्टमधून आलेली वायर दुसऱ्याच्या लॅन पोर्टमध्ये लावा. वेगळ्या रंगाच्या, इंटरनेट आत घेणाऱ्या 'वॅन' पोर्टमध्ये नाही.

डीएचसीपी आधी बंद केलं तर तुमच्या कॉम्प्युटरला पत्ता मिळणं थांबतं आणि राउटरचं पानच उघडत नाही. मग त्याला रीसेट करून पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

सावध: कंपनीच्या फायबर डब्याचं टाचणीएवढं रीसेटचं भोक दाबू नका. कनेक्शनची सेटिंग त्यातच असते. ती पुसली गेली की कंपनीचा माणूस येईपर्यंत इंटरनेट बंद राहू शकतं.

आणखी एक गफलत 'गेस्ट' नावाच्या वायफायची. आलेल्या-गेलेल्यांसाठी ते उत्तम, पण त्यावरची मशीन एकमेकांपासून आणि मुख्य नेटवर्कपासून तोडून ठेवलेली असतात. दोनपैकी एकही कॉम्प्युटर गेस्टवर नको. राउटरच्या सेटिंगमध्ये 'एपी आयसोलेशन' किंवा 'क्लायंट आयसोलेशन' नावाचा पर्याय दिसला तर तोही बंद हवा. उलट, एकाच राउटरच्या २.४ आणि ५ गीगाहर्ट्झ अशा दोन नावांपैकी एक मशीन एकावर आणि दुसरं दुसऱ्यावर असेल तर सहसा काही बिघडत नाही. ५ वेगवान आहे पण भिंती ओलांडताना दमतो. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या, जाड भिंतींच्या घरात आतल्या खोलीसाठी २.४ च घ्या.

तपासा: दोन्ही मशीनवर काळ्या खिडकीत 'पिंग' (हाक मारून उत्तर येतं का ते पाहणारी आज्ञा) इंग्रजी अक्षरांत लिहून पुढे एक जागा सोडून गेटवेचा पत्ता द्या. दोन्हींकडून 'रिप्लाय फ्रॉम'च्या चार ओळी आल्या की पुढे चला. एकमेकांना पिंग आत्ताच करू नका. विंडोजची फायरवॉल या घडीला ते अडवते आणि उगाच घाबरायला होतं.

## टप्पा २: राउटरला कुलूप

हे पाच मिनिटांचं काम आहे. ब्राउझरमध्ये गेटवेचा पत्ता टाकून राउटरचं पान उघडा. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा. डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता, बटण किंवा पिनने वायफाय जोडण्याची सोय) बंद करा. वायफायचा पासवर्ड किमान १२ अक्षरांचा हवा, मोबाइल नंबर किंवा फ्लॅट नंबर नको. राउटरच्या पानाचा पासवर्ड कंपनीने दिलेलाच असेल तर तोही बदला, आणि तो वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा ठेवा. आतापर्यंत वायफायवर फक्त इंटरनेट होतं, यापुढे त्यावर तुमच्या फाइली असणार आहेत. शेजाऱ्यांना दिलेला जुना पासवर्ड बदलायला याहून चांगलं निमित्त नाही.

## टप्पा ३: नाव आणि कायमचा पत्ता

सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट या मार्गाने जाऊन 'रिनेम धिस पीसी' दाबा. नाव इंग्रजी अक्षरांत, १५ अक्षरांच्या आत, मधे जागा न सोडता. खालच्याला 'हॉलपीसी', वरच्याला 'वरचीखोली' असलं काहीही चालेल, दोन्हींची नावं वेगळी असली की झालं. नंतर रीस्टार्ट करा. रीस्टार्ट न करता पुढे जाणारे नवं नाव शोधत बसतात आणि मशीन जुन्याच नावाने वावरत असतं.

घरमालक मशीनला राउटरच्या पानावरून पत्ता राखून ठेवा. त्या पर्यायाला 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' किंवा 'स्टॅटिक लीज' असं नाव असतं. लाइन गेली आणि आली की राउटर नव्याने पत्ते वाटतो, कालचा पत्ता आज दुसऱ्याच कुणाच्या मोबाइलला गेलेला असू शकतो. घरमालक वायफायवर असेल तर त्याच्या वायफाय सेटिंगमधलं 'रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस' बंद ठेवा, नाहीतर हार्डवेअर ॲड्रेस बदलला की राउटर मशीनला ओळखत नाही आणि राखीव जागा वाया जाते.

## टप्पा ४: विंडोजला सांगा की हे घर आहे

विंडोज नव्या वायफायला सहसा 'पब्लिक' समजतं, म्हणजे रेल्वे स्टेशनवरच्या वायफायसारखं वागवतं आणि मशीन लपवून ठेवतं. दोन्ही मशीनवर सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय, आणि मग जोडलेल्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीज उघडून 'प्रायव्हेट नेटवर्क' निवडा. वायरवर असलेल्या मशीनसाठी हेच 'इथरनेट'खाली करा. वायफायला केलं आणि इथरनेटला विसरले, हा प्रकार फार होतो.

त्यानंतर विंडोज ११ मध्ये ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्जमधून 'ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज' उघडा. विंडोज १० मध्ये हेच कंट्रोल पॅनेलच्या नेटवर्क अँड शेअरिंग सेंटरमध्ये सापडेल. प्रायव्हेटखाली 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' चालू करा. पब्लिकखाली दोन्ही बंदच राहू द्या. लॅपटॉप कॉलेजात किंवा कॅफेत जातो, तिथे तो लपलेलाच बरा.

तपासा: आता एकमेकांना पिंग करा. शेवटची बेरजेची ओळ न वाचता चारही ओळी वाचा.

'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आलं तर समोरचं मशीन बहुधा नेटवर्कवर आहे, पण त्याची फायरवॉल उत्तर देऊ देत नाही. प्रोफाइल प्रायव्हेट झालंय का पाहा. वेगळा अँटिव्हायरस असेल तर त्याची स्वतःची फायरवॉल असते, त्यातही घरच्या नेटवर्कला 'ट्रस्टेड' करावं लागतं. 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' आलं तर समोरचं मशीन सापडतच नाहीये. ते झोपलंय, पत्ता चुकलाय किंवा टप्पा १ मधला गेस्टचा घोळ बाकी आहे. गंमत म्हणजे अनरीचेबलच्या चार ओळी आल्या तरी खाली विंडोज 'लॉस्ट ०' असंच छापतं आणि लोक त्यावर विश्वास ठेवून पुढे जातात.

फायरवॉल पूर्ण बंद करून पाहायची असेल तर मिनिटभर, आणि लगेच पुन्हा चालू. कायमची बंद ठेवणं हा उपाय नाही.

## टप्पा ५: शेअरिंगसाठी वेगळा यूजर

'पासवर्ड बरोबर टाकतोय तरी घेत नाही' ही तक्रार इथली. कारणं बहुतेकदा दोनच असतात. एकतर आपण लॉगिनला रोज चार आकडी पिन वापरतो आणि नेटवर्कने पासवर्ड मागितला की तोच पिन टाकतो. पिन फक्त त्या मशीनपुरता असतो, नेटवर्कवरून चालत नाही. नाहीतर घरमालकाच्या अकाउंटला पासवर्डच नसतो, आणि रिकाम्या पासवर्डच्या अकाउंटला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही.

मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा खरा पासवर्ड आठवून काम भागतं, पण तो घरातल्या प्रत्येक लॅपटॉपवर साठवण्यापेक्षा घरमालक मशीनवर एक साधा लोकल (फक्त त्या मशीनपुरता) यूजर बनवणं केव्हाही चांगलं. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूजर्स, ॲड अकाउंट. समोर ईमेल मागणारी खिडकी आली की खालची 'आय डोन्ट हॅव धिस पर्सन्स साइन-इन इन्फर्मेशन' ही ओळ दाबा, मग 'ॲड अ यूजर विदाउट अ मायक्रोसॉफ्ट अकाउंट'. नाव छोटं, इंग्रजीत, समजा 'घरचे'. पासवर्ड द्या आणि कागदावर लिहा. प्रकार 'स्टँडर्ड' राहू द्या, ॲडमिन करू नका.

सावध: 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद करा म्हणजे कटकटच नको' हा सल्ला सर्रास मिळतो. वायफायवर चढलेल्या कुणालाही फाइली मोकळ्या होतात हा एक तोटा. शिवाय नव्या विंडोज ११ मध्ये बिनओळखीचा, गेस्ट म्हणून होणारा प्रवेश बहुधा अडवलाच जातो, म्हणजे धोका पत्करूनही काम होत नाही.

## टप्पा ६: फोल्डर

घरमालक मशीनवर डी ड्राइव्हमध्ये (नसेल तर सी मध्ये) एक नवा फोल्डर करा. डॉक्युमेंट्स किंवा डेस्कटॉपमधला फोल्डर नको, ते बऱ्याचदा वनड्राइव्हशी (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्याशी) जोडलेले असतात. अख्खा सी ड्राइव्ह तर कधीच शेअर करू नका.

फोल्डरवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग, 'ॲडव्हान्स्ड शेअरिंग'. 'शेअर धिस फोल्डर'वर खूण करा. 'परमिशन्स'मध्ये जाऊन 'एव्हरीवन' काढा, 'घरचे' हा यूजर घाला, त्याला 'चेंज' आणि 'रीड' द्या. मग ती खिडकी बंद करून शेजारच्या 'सिक्युरिटी' टॅबमध्ये त्याच यूजरला 'मॉडिफाय' द्या.

दुसरी पायरी हमखास राहते. विंडोज शेअरिंग आणि सिक्युरिटी दोन्ही याद्या तपासतं आणि त्यातली कडक असेल ती लागू करतं. फाइल दिसते पण सेव्ह होत नाही, असं झालं की सिक्युरिटी टॅब उघडायचा.

## टप्पा ७: पाहुण्या मशीनवरून जोडणी

फाइल एक्स्प्लोररमध्ये डावीकडच्या 'नेटवर्क'मध्ये घरमालकाचं नाव दिसण्याची वाट पाहू नका. ती यादी लहरी आहे, सगळं नीट असूनही कधीकधी रिकामी असते. वरच्या पत्त्याच्या पट्टीत थेट लिहा: दोन उलट्या तिरक्या रेघा आणि मशीनचं नाव, म्हणजे \\हॉलपीसी. नावाने नाही उघडलं तर नावाऐवजी राखून ठेवलेला पत्ता टाका.

यूजर आणि पासवर्ड विचारला की यूजरच्या जागी नुसतं 'घरचे' न लिहिता हॉलपीसी\घरचे असं पूर्ण लिहा, नाहीतर विंडोज आपल्याच मशीनवरचा यूजर समजण्याची शक्यता असते. 'रिमेंबर माय क्रेडेन्शियल्स'वर खूण करा. फोल्डर उघडला की त्यावर राइट-क्लिक करून 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह' निवडा, झेड अक्षर द्या आणि 'रीकनेक्ट ॲट साइन-इन' चालू ठेवा.

तपासा: एक फाइल पाहुण्यावरून त्यात टाका, उघडून बदला, सेव्ह करा, पुसा. चारही जमलं पाहिजे.

सुरुवातीला चुकीचा पासवर्ड साठवला गेला असेल तर विंडोज तोच पुन्हा पुन्हा पाठवत राहतं. कंट्रोल पॅनेलच्या 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मध्ये, 'विंडोज क्रेडेन्शियल्स'खाली घरमालकाच्या नावाची नोंद काढून टाका. एकाच वेळी दोन यूजरनावं वापरता येत नाहीत अशा अर्थाची चूक दिसली तर एकदा साइन-आउट करून या.

## वेग कमी वाटतोय?

दोन्ही मशीन वायफायवर असतील तर प्रत्येक फाइल हवेतून दोनदा जाते: एकाकडून राउटरकडे आणि राउटरकडून दुसऱ्याकडे. त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. घरमालकाला वायर लावायला सांगितलं ते यासाठीच. मोठा इंटरनेट प्लॅन घेऊन यात काही फरक पडत नाही, कारण या फाइली घराबाहेर जातच नाहीत. इंटरनेट बंद असलं तरी हे नेटवर्क चालतं.

स्वस्त राउटरचे लॅन पोर्ट १०० मेगाबिटचे असतात. म्हणजे सेकंदाला फार तर ११-१२ मेगाबाइट, आणि १० जीबीचं लग्नाचं शूटिंग हलवायला पाव तास. याहून वेग हवा असेल तर गीगाबिट पोर्टचा राउटर घ्या. हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा चालू डेटा मात्र वायफायवरून उघडू नका. मधेच सिग्नल तुटला तर डेटा बिघडू शकतो, त्यासाठी दोन्ही टोकांना वायरच हवी.

## झोप आणि लाइन

काल चालत होतं आणि आज नाही, याचं पहिलं कारण बहुतेकदा हेच असतं की घरमालक मशीन स्लीपमध्ये गेलंय. पॉवर सेटिंगमध्ये, प्लगमध्ये असताना 'स्लीप'ला 'नेव्हर' करा. स्क्रीन बंद झाली तरी चालते.

लाइन गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण राउटर बंद पडला की नेटवर्क संपलं. इन्व्हर्टरच्या लाइनवरचा प्लग नसेल तर राउटरसाठीचा छोटा डीसी यूपीएस घ्या, पण आधी राउटरच्या अडॅप्टरवरचे आकडे वाचा. व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, बारा म्हणजे बारा, नऊ म्हणजे नऊ. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील आणि लाइन नसताना इंटरनेटही हवं असेल तर दोन्हींना बॅकअप लागेल. नुसत्या फाइलींसाठी ज्या डब्यावरून दोन्ही मशीन जोडली आहेत तो चालू राहिला तरी पुरे, अर्थात डेस्कटॉपलाही यूपीएस असेल तर.